कुलवृत्तांताची फाइल: साधी टेक्स्ट ठेवावी की चौकटी आखून?

शेंडेफळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज घरचं लचांड घेऊन आले आहे.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९९७ साली छापला. थोरल्या काकांनी नऊ वर्षं खपून तो जमवला होता. एसटीने गावोगाव हिंडायचं, जोडकार्डं पाठवायची, उत्तर नाही आलं की स्वतः जाऊन दारात उभं राहायचं. ३१२ पानं, साडेसहाशेवर माणसं. काका गेले. आता नवी आवृत्ती काढायचं सगळ्यांच्या मनात आलंय आणि काम शेंडेफळाच्या गळ्यात पडलंय. हाताशी आहे ते असं: छापील पुस्तकाच्या तीन प्रती, काकांच्या दोन वह्या आणि एक सीडी. सीडी अजून वाचता येते, पण तिच्यात पेजमेकरच्या (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फायली आहेत आणि घरातल्या एकाही कंप्युटरवर त्या उघडत नाहीत. एक फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये टाकून पाहिली तर इंग्रजी अक्षरांची भेळ.

ते मी कसंतरी निस्तरेन. माझा खरा प्रश्न पुढचा आहे. नवी माहिती कशात साठवू, म्हणजे २०७० साली जो कोणी पुढच्या आवृत्तीला बसेल त्याच्यावर ही पाळी येणार नाही? भाचा म्हणतो डेटाबेस कर. चुलतभाऊ म्हणतो एक्सेल, "सगळ्यांना येतं". ८४ वर्षांची आत्या म्हणते, "दादा लिहायचा तसं सरळ लिहून काढ". आणि मला वाटतंय साधी टेक्स्ट फाइल. तिला फॉन्ट नाही, रंग नाही, बिघडण्यासारखं तिच्यात काही नाहीच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_खिळा

ताई, १९९३ पासून पंधरा वर्षं डीटीपी केलं, त्याआधी वडिलांच्या छापखान्यात खिळे जुळवले. तेव्हा आधी तुमच्या भेळेबद्दल सांगतो, कारण अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

काकांची फाइल बिघडलेली नाही. तिच्यात मराठी कधी नव्हतंच. त्या काळच्या डीटीपी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपल्या अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. कृतिदेव नावाच्या फॉन्टात 'भारत' टाइप करा आणि फॉन्ट काढून घ्या. मागे उरतं एच, के, के, जे, आर. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे त्याची काठी, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र, आर म्हणजे त. कंप्युटरच्या लेखी 'भारत' हा शब्द त्या फाइलमध्ये नाहीच, तो फक्त तुमच्या डोळ्यांत आहे. आणि हा तक्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा. एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टात टाकला की तिसरीच भाषा.

त्यात ऱ्हस्व वेलांटी. आम्ही ती अक्षराच्या आधी टाइप करायचो, कारण कागदावर ती आधी येते. युनिकोडात (म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत) ती नंतर, कारण उच्चार नंतर. रफाराचं नेमकं उलट: आम्ही अक्षर झाल्यावर त्याच्या डोक्यावर ठेवायचो, युनिकोडात र आधी. कन्व्हर्टर घसरतात ते इथेच. 'वार्षिक', 'मूर्तिकार' असे शब्द मुद्दाम तपासा, तिथे एकाच अक्षरावर दोन्ही बसलेत.

आता काम. सीडीवर टीटीएफ, म्हणजे फॉन्टच्या, फायली आहेत का बघा आणि असल्या तर सोन्यासारख्या जपा. फॉन्टचं नाव कळलं की कन्व्हर्टर मिळतो. पेजमेकर आल्डस कंपनीने १९८५ मध्ये आणलं, १९९४ मध्ये ते अडोबीकडे गेलं, शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ची. पण ६.० पासूनच्या फायली अडोबीच्याच इनडिझाइनच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात, त्यानंतरच्यांत नाही. एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याकडे तो कंप्युटर कोपऱ्यात चालू असतोच. आम्ही लोक काही टाकून देत नाही.

अर्धविराम

जुना_खिळा यांना +१.

शेंडेफळ, तुमचा कल बरोबर आहे. यूटीएफ-८ टेक्स्ट (युनिकोडचे क्रमांक फाइलमध्ये बाइटांत लिहायची पद्धत), डोळे मिटून. आमच्या इथली फुशारकी म्हणून सांगते (मी एडिसनला असते): १९९२च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक हे दोन कंप्युटरवाले न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवायला बसले होते, तिथे टेबलावरच्या कागदी मॅटवर यूटीएफ-८ मांडली गेली. तिची करामत अशी की जुनी आस्की, म्हणजे नुसत्या इंग्रजी अक्षरांची, फाइल एक बाइट न बदलता जशीच्या तशी वैध यूटीएफ-८ असते. मागचं काही मोडलं नाही, म्हणूनच ती टिकली. आपल्या देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, तेवढी जागा जाऊ द्या. आणि युनिकोडचं वचन आहे की एकदा दिलेला क्रमांक परत काढून घेतला जाणार नाही. 'म'ला मिळालेलं घर 'म'चंच राहील.

वंशावळीसाठी तर तयार गोष्टही आहे. गेडकॉम, १९८४ पासून. मॉर्मन चर्चने काढलं, कारण त्यांच्या धर्मात पूर्वजांच्या नोंदींना फार महत्त्व. फाइल साधी टेक्स्टच, पण प्रत्येक ओळीला शिस्त: आधी पातळीचा आकडा, मग छोटीशी खूण, मग मजकूर. शून्य पातळीवर माणूस, एकवर त्याचा जन्म, दोनवर त्या जन्माची तारीख आणि गाव. २०२१च्या ७.० आवृत्तीत यूटीएफ-८ सक्तीची केली आहे. थोडक्यात, साधी की चौकटीतली हा झगडाच नाही. दोन्ही एकाच फाइलमध्ये नांदतात.

तिरकस

सगळे टेक्स्ट टेक्स्ट करताय म्हणून थोडं मिठाचं पाणी.

२००४ साली आईच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. ती म्हणायची, मी टाइप करायचो. दोनशेच्या आसपास. तेव्हा कंप्युटरवर मराठी दिसावी म्हणून सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, मग सीडी घालायची, अशी सगळी पूजा मांडावी लागे. ती मांडली. कंप्युटरबरोबर आलेल्या साध्यात साध्या एडिटरात टाइप केलं, सेव्ह केलं. सेव्ह करताना चौकट आली, "काही अक्षरं हरवतील" अशा अर्थाची. आपण चौकटी वाचतो का? ओके दाबलं. दुसऱ्या दिवशी उघडली तर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. इतकी साधी टेक्स्ट आजवर पाहिली नव्हती.

फॉन्टची भेळ झाली तर परत आणता येते, कारण प्रत्येक अक्षरामागे काहीतरी वेगळं साठवलेलं असतं. माझ्या फाइलमध्ये सगळ्या अक्षरांच्या जागी एकच चिन्ह. त्यातून काय आणणार? आई तोवर होती म्हणून साठ-सत्तर ओव्या पुन्हा मिळाल्या. बाकीच्या तिलाही आठवल्या नाहीत.

म्हणून 'बिघडण्यासारखं काही नाहीच' या वाक्याला माझा विरोध. टेक्स्ट फाइल आपण कोणत्या एन्कोडिंगमधली आहोत, म्हणजे अक्षरांचे आकडे कोणत्या तक्त्याने लिहिलेत, हे स्वतः सांगत नाही. उघडणारा अंदाज करतो. वर्डची फाइल कितीही बोजड असू दे, ती हे सांगते. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

शेंडेफळ

तिरकस, वाचून पोटात कालवलं. ओव्यांबद्दल खरंच वाईट वाटलं.

अर्धविराम, गेडकॉम रात्री बघितलं आणि तिथेच अडले. काकांच्या वह्यांत जन्माच्या नोंदी अशा: 'चैत्र शुद्ध ९, शके १८४१'. काही ठिकाणी नुसतं 'प्लेगच्या साली'. एके ठिकाणी 'धाकट्या मुंजीच्या आधल्या वर्षी'. हे तारखेच्या रकान्यात कसं घालू? शिवाय दत्तक गेलेले दोन मुलगे आहेत, ते जन्माच्या घरातही हवेत आणि दत्तकघरातही. बायकांची माहेरची नावं वेगळी, सासरची वेगळी. एका पणजीची तर तीन नावं सापडली, तिसरं नाव तिला सगळे हाक मारायचे ते.

चुलतभावाने तोवर हौसेने शंभर नावं स्प्रेडशीटमध्ये घातली. क्रमांक ००४१ होता तो ४१ झाला. 'शके १८१२'चं १८९० करून तारीख टाकली तर ती उजवीकडे न सरकता डावीकडेच बसून राहिली. का ते त्याला कळत नाहीये.

चौकोन

कारण एक्सेलचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० पासून सुरू होतं. त्याआधीचा माणूस त्याच्या दृष्टीने जन्मलेलाच नाही, ती नोंद तो नुसता मजकूर म्हणून ठेवतो. वंशावळीसाठी हे भारीच. आणि गंमत म्हणजे १९०० हे लीप वर्ष नसताना तो ते लीप वर्ष धरतो. लोटस १-२-३ या त्याआधीच्या स्प्रेडशीटमध्ये ती चूक होती, तिच्याशी जुळावं म्हणून ती मुद्दाम ठेवली, आणि अजून आहे. शहाण्या शास्त्रज्ञांनाही याने सोडलं नाही. मार्च आणि सेप्ट या अक्षरांनी सुरू होणारी जनुकांची नावं एक्सेल परस्पर तारखा करून टाकायचा. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली.

पण म्हणून रचना वाईट असं नाही. मी डेटाबेसवाली आहे, भाच्याच्या बाजूने बोलते. साडेसहाशे माणसांत 'सरस्वती' किती असतील? नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत आहे, म्हणजे एक पिढी सोडून तेच नाव, तेच वडिलांचं नाव, तेच आडनाव. 'गोविंद विष्णू' हा नक्की कोणता, हे नुसत्या मजकुरातून २०७० मधल्या माणसाने ओळखायचं कसं? प्रत्येकाला क्रमांक हवा आणि नातं त्या क्रमांकाशी जोडलेलं हवं. एसक्यूलाइट घ्या. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये, त्याची रचना जाहीर छापलेली, आणि ती करणाऱ्यांनी २०५० पर्यंत सांभाळायचं ठरवून ठेवलंय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनासाठी शिफारस केलेल्या प्रकारांत ती आहे.

आणि तिरकस म्हणतात त्यात तथ्य आहे. आजची वर्ड फाइल तितकी बंद पेटी राहिलेली नाही. तिच्या नावाचं शेवटचं डॉक्स खोडून झिप लिहा, उघडते. आत एक्सएमएल फाइल, म्हणजे खुणा घातलेली टेक्स्टच, तिच्यात तुमचं मराठी युनिकोडमध्ये स्वच्छ वाचता येतं. २००७च्या आधीची जुनी डॉक फाइल मात्र अशी उघडत नाही.

बाकरवडी

वाखुसा (वाचनखूण साठवली).

मी आपली अडाणी शंका विचारते. चांगल्या कागदावर छापून दहा घरांत ठेवलं तर? इंग्लंडात १०८६ साली राजाने डोम्सडे बुक लिहवून घेतलं, ते अजून वाचतात. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये तसंच नवं केलं, लाखो लोकांकडून माहिती घेऊन, लेझरडिस्कवर. पंधरा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं शोधायची वेळ आली, मग संशोधकांनी खटपट करून ती परत मिळवली.

रुमालातली_मोडी

बाकरवडी, कागद टिकतो हे खरं. पण तेवढ्याने भागत नाही, हे मी रोज बघतो. मोडी वाचणं हा माझा निवृत्तीनंतरचा नाद.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ठेवले आहेत. कागद उत्तम, शाई अजून काळीभोर. वाचणारे हातावर मोजण्याइतके. मोडी शाळांतून गेली ती विसाव्या शतकाच्या मध्याला, म्हणजे तुमच्या आत्याच्या आधीच्या पिढीला ती सहज येत असणार. दोन पिढ्यांत घरातली कागदपत्रं घरातल्यांनाच परकी झाली. याला फाइल न उघडणं म्हणायचं नाही तर काय?

या धाग्याशी जुळणारी एक गंमत सांगतो. मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळ सलग पळते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुतेक पाळत नाहीत. तुमच्या भाषेत अगदी साधी टेक्स्ट, विरामचिन्हही नाही. पण सवय झालेला माणूस पत्र हातात घेतल्या घेतल्या सांगतो की कोणी कोणाला लिहिलं आणि कधी. कारण मायना ठरलेला, कोणाला 'राजश्री' आणि कोणाला 'तीर्थस्वरूप' हे ठरलेलं, तारखेची जागा ठरलेली. 'इसन्ने सबैन मया व अलफ' असं दिसलं की दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (तेव्हाची अरबी आकड्यांची कालगणना) ११७२, म्हणजे १७७१-७२. चौकट कागदावर आखलेली नसली तरी लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात पक्की होती. आज आपल्याला अडतं ते ती डोक्यातली चौकट गेल्यामुळे. अक्षरं शिकायला मला चार महिने लागले, मायने आणि कालगणना यांना चार वर्षं.

ताईंच्या तिथीबद्दल. मुळात जे लिहिलंय ते अक्षरशः तसंच ठेवा, आणि त्यावरून काढलेली तारीख शेजारी वेगळी लिहा, कोणी काढली तेही लिहा. चैत्र शुद्ध ९, शके १८४१ म्हणजे ९ एप्रिल १९१९. इथे ७८ मिळवून भागलं. पण त्याच शके १८४१च्या माघात जन्मलेलं मूल १९२० मधलं, तिथे ७९ मिळवावे लागतात. कुलवृत्तांतांमध्ये ही चूक मी पोत्याने पाहिली आहे. मूळ तिथी पुसून फक्त इसवी सन ठेवलेलं असलं की ती चूक पकडताही येत नाही.

अर्धविराम

भापो (भावना पोहोचल्या). माझा डोळे मिटून दिलेला सल्ला जरा उघडते.

गेडकॉमची जी ५.५.१ आवृत्ती वर्षानुवर्षं चालली तिच्यात ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच राज्यक्रांतीचं, अशी कॅलेंडरं आहेत. शक नाही. बारा-तेरा वर्षं चाललेल्या फ्रेंच कॅलेंडरला जागा आहे आणि आपल्या शकाला नाही! ७.० मध्ये स्वतःचं कॅलेंडर जोडायची सोय आहे, पण समोरचं सॉफ्टवेअर ते ओळखेल याची खात्री नाही. दत्तकासाठी मात्र खूण आहे, मुलगा दोन्ही घरांना जोडता येतो. एकाहून जास्त नावंही चालतात.

चौकोन यांचा क्रमांकाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यासाठी डेटाबेसच लागतो असं नाही मात्र. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या, १९१९ ला काम सुरू, १९६६ ला पुरं. तिचा मूळ पाठ क्योटोच्या मुनेओ तोकुनागांनी कंप्युटरवर घातला, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. नुसती टेक्स्ट, रोमन अक्षरांत. पण प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडे: पर्व, अध्याय, श्लोक, आणि शेवटी चरणासाठी अक्षर. अक्षरांवरच्या टिंबा-रेघांची एन्कोडिंगं मधल्या काळात बदलली, पाठ युनिकोडात आला, देवनागरीतही उतरवला गेला. ओळीच्या डोक्यावरचा आकडा तोच राहिला. आज जगात कुठेही एखादा श्लोक त्या आकड्याने शोधता येतो. मी असं काहीतरी करेन:

व्यक्ती: ०४१२
नाव: यमुना
हाकेचं नाव: माई
वडील: ०२०७
जन्म, मुळात: चैत्र शुद्ध ९, शके १८४१
जन्म, काढलेला: ९ एप्रिल १९१९
आधार: काकांची वही २, पान ३७

हे वाचायला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही, आणि यातून गेडकॉम किंवा एसक्यूलाइट हवं तेव्हा बनवता येतं.

चौकोन

बनवता येतं, पण चुकीचा क्रमांक टाकला तर अडवणार कोण? 'वडील: ०२०७' च्या जागी ०२७० झालं की आजोबा नातवाचा मुलगा. डेटाबेसला नियम घालून दिला की तो ते तिथल्या तिथे नाकारतो.

अर्धविराम

तपासणीचा छोटा प्रोग्रॅम लिहू. मी लिहून देते. तो हरवला तरी फाइल वाचता येईलच.

चौकोन

हे चालेल. पण प्रोग्रॅम मी तपासणार. :)

खडीसाखर

मुद्रितशोधनवाली आहे, म्हणून माझं घोडं पुढे दामटते. युनिकोड केलं म्हणजे सुटलो असं समजू नका.

'कऱ्हाडे' हा शब्द घ्या, कुलवृत्तांतात पानोपानी येणार. यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधायला गेलात तर एक सापडतो, दुसरा नाही. तसाच 'ॲडव्होकेट'. स्वतंत्र ॲ युनिकोडात आला तो २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवायचे आणि अजूनही कितीतरी कीबोर्ड तसंच करतात. युनिकोड या दोन्हींना एक मानत नाही. आमच्याकडे एका कोशाच्या कामात निम्मे ॲ सूचीत एका जागी आणि निम्मे भलतीकडे गेले होते. आठवडा गेला शोधण्यात.

तेव्हा सुरुवातीलाच ठरवा, सगळीकडे एकच रूप, आणि ते कुठेतरी लिहून ठेवा. रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), आकड्यांचंही ठरवा. क्रमांकात देवनागरी ४ आणि इंग्रजी ४ मिसळले की अर्धविरामचा प्रोग्रॅम रडेल.

अर्धविराम

रडेलच. लिहून ठेवते.

शेंडेफळ

तीन आठवड्यांनी येतेय, क्षमस्व. पण रिकाम्या हाताने आले नाही.

जुना_खिळा म्हणाले तसंच झालं. ओळखीच्या एका डीटीपीवाल्या काकांकडे जुना कंप्युटर निघाला, पेजमेकर ६.५च्या सगळ्या फायली उघडल्या. सीडीवर फॉन्टही होते. मजकूर टेक्स्ट म्हणून बाहेर काढला, कन्व्हर्टरमधून घातला, 'वार्षिक' आणि 'मूर्तिकार' हाताने नीट केले. रात्री दोन वाजता पडद्यावर पणजोबांचं नाव स्वच्छ मराठीत दिसलं तेव्हा एकटीच हसत बसले होते.

सकाळी छापील पुस्तकाशी ताडायला घेतलं आणि हसू गेलं. पुस्तकात पिढी कळते ती समासाने. थोरली पिढी डावीकडे, पुढची थोडी आत, त्याच्या पुढची आणखी आत. काही नावं जाड ठशात, काही तिरपी. टेक्स्ट काढल्यावर समास गेले, जाड गेलं, तिरपं गेलं. साडेसहाशे नावं एका रांगेत उभी, रेशनच्या दुकानासमोर असावीत तशी. अक्षर एकही हरवलेलं नाही आणि कोण कोणाचं ते मात्र कळत नाही. मीच वर लिहिलं होतं ना, 'बिघडण्यासारखं काही नाही'? मागे घेते.

समास पुस्तकावरून परत लावता येतील. जाड म्हणजे ज्यांच्याबद्दल पुढे स्वतंत्र परिच्छेद आहे ते, हे मोजून कळलं. तिरप्याचं मात्र कोडं सुटेना. मृत असतील म्हणावं तर १७९० चा माणूस सरळ ठशात. दत्तक म्हणावं तर बायकाच जास्त. प्रस्तावनेत काही नाही, वह्यांत काही नाही. शेवटी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तिरप्या त्या माहेरवाशिणी. लेकी. सुना सरळ. दादाने मला विचारूनच ठरवलं होतं." जे दोन पुरुष तिरपे होते त्यांचं विचारलं तर म्हणाली, "ते दत्तक गेलेले. तेही दुसऱ्याच्या घरी गेले ना."

तर आता सगळं अर्धविरामच्या नमुन्याप्रमाणे चाललंय. 'लेक', 'सून', 'दत्तक दिला' हे शब्दांत लिहिलेलं, ठशावर काही सोडलेलं नाही. तिथी मुळात तशी. फोल्डरमध्ये 'आधी हे वाचा' नावाची फाइल, तिच्यात पहिल्या ओळीत यूटीएफ-८, मग ऱ्ह आणि ॲ कसा टाइप केला ते, मग आत्याचं तिरप्यांचं वाक्य तिच्याच शब्दांत. चौकोन यांच्या सांगण्यावरून दर महिन्याला त्यातून एसक्यूलाइटही बनवते, भाचा खूश. चार देशांत सात प्रती आहेत. नवं पुस्तक छापू तेव्हा बाकरवडींच्या दहा घरांचंही बघू.

एकच अडलंय. पान ११८ वर एका चुलतपणजोबांच्या परिच्छेदात टेक्स्टमध्ये 'संत-वा य' असं येतं, मधे मोकळी जागा. पुस्तकात तिथे 'संत-वाङ्मय' छान छापलंय. सीडीवरच्या फाइलमध्येही जागा मोकळीच आहे. मग छापलं कुठून?

जुना_खिळा

ताई, त्या फॉन्टात ङ्म नसणार. कितीतरी फॉन्टांत नसायचा. आम्ही जागा मोकळी सोडून ट्रेसिंगवर प्रिंट काढायचो आणि दुसरीकडून ते अक्षर कापून डिंकाने तिथे चिकटवायचो. छपाई त्या ट्रेसिंगवरून. फाइलमध्ये कोण परत जाऊन करतंय?

आणि हे सांगायला नको, पण सांगतो. शेवटच्या दिवशीच्या दुरुस्त्याही आम्ही तशाच करायचो. कोणाचं नाव चुकलं, कोणाचं साल बदललं, नवी पट्टी काढायची आणि वर चिकटवायची. तुमच्या काकांसारखा माणूस छापायला जाईपर्यंत दुरुस्त्या आणत असणार. त्या पुस्तकात आहेत, सीडीत नाहीत.

शेंडेफळ

म्हणजे ३१२ पानं पुन्हा ताडायची, ओळ न ओळ.

आत्याला आत्ताच फोन केला. म्हणाली, "मी वाचते, तू बघ. दुपारी दोन ते चार सोडून कधीही."